कोल्हापुरी चपलेचा पाच बाजूंचा नकाशा

कोल्हापूरकराला स्पर्धा म्हटली की कुस्ती आठवते. खासबागेत दोन मल्ल, एक पंच आणि भोवती माणसांचा समुद्र. समोरचा चीत झाला की निकाल लागला. धंद्यातली स्पर्धाही आपण अशीच समजतो. ‘तुमचा स्पर्धक कोण?’ असं दुकानदाराला विचारा, तो शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवील. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. व्यवस्थापनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. पण ज्या गावाचं नाव चपलेमुळे जगभर गेलं, त्या गावात राहतो. म्हणून या विषयाकडे चपलेच्या वाटेनं जावं म्हणतो.

हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९७९ मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं सांगणं असं, की कुठल्याही धंद्याच्या नफ्यावर पाच बाजूंनी ताण येतो. बरोबरीचे धंदेवाले, आपल्या वस्तूऐवजी चालणारी दुसरी वस्तू, कच्चा माल देणारे, तयार माल घेणारे आणि नव्यानं येऊ पाहणारे. पुढचे बेत आखण्याआधी या पाचही बाजू मांडून पाहाव्यात. मोठ्या कंपन्या त्यासाठी सल्लागार नेमतात. आपल्याला एक कोरा कागद पुरे. मधोमध वर्तुळ काढा आणि त्यात लिहा, ‘कोल्हापुरी चप्पल करणारं एक घर’.

आधी बरोबरीचे पाहू. कोल्हापूरच्या कारागिराला अथणीचा कारागीर प्रतिस्पर्धी वाटणं साहजिक आहे. सीमेची रेघ आपल्या मनात ठळक आहे ना! पण २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, ते आठ जिल्ह्यांना मिळून. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे अथणीकर भाऊबंद ठरला. खरी झुंज आहे ती नकली चामड्याच्या, यंत्रावर निघालेल्या आणि ‘कोल्हापुरी’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या मालाशी.

दुसरी बाजू पर्यायी वस्तूंची. रबरी चप्पल, सँडल, खेळाचे बूट यांना कोणी कोल्हापुरी म्हणत नाही, तरी गिऱ्हाईक तिकडे वळतं. त्यातून आपली चप्पल पावसात भिजवायची नसते. पावसाळाभर ती कोनाड्यात आणि रबर पायात!

तिसरी बाजू चामड्याची. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावायचं, हे वेळखाऊ काम. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कातड्याचा पुरवठा आणखी अवघड झाला. हा ताण शेजारच्या दुकानातून आलेला नाही. दुकानाकडे डोळे लावून बसलेल्याला तो दिसणारही नाही.

चौथी बाजू माल घेणाऱ्यांची. विकणारी घरं पुष्कळ आणि घाऊक घेणारे मोजके असले, की भाव घेणारा ठरवतो. हातानं वेणी घालून पट्टा जोडणाऱ्याच्या पदरी किती पडतं, हे इथंच ठरतं.

पाचवी बाजू नव्यानं येणाऱ्यांची. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात ‘प्राडा’ या कंपनीनं तिच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. आधी आपल्या गावाचं नावही नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीनं प्रेरणेचं मूळ मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी कराराची घोषणा झाली. दोन हजार जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे आणि सुमारे आठशे युरोंना एक जोड विकायचा, असा बेत जाहीर झाला. म्हणजे एकच पाहुणा प्रतिस्पर्धी म्हणून आला आणि गिऱ्हाईक होऊन बसला. नकाशा एकदा काढून भिंतीवर टांगून चालत नाही, तो असा.

यात एक बारकावा आहे. भौगोलिक मानांकन मुख्यतः नावाचं रक्षण करतं. ‘कोल्हापुरी’ हा शब्द न वापरता कोणी तसाच घाट उचलला, तर ते कवच अपुरं पडतं. मात्र नाव वापरून खोटा माल विकणाऱ्याविरुद्ध ते हत्यार आहे. त्यासाठी कारागिरानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करायला हवी.

आता कागदाकडे पुन्हा बघा. कुठला बाण सगळ्यांत जाड आहे? चामड्याचा असेल, तर दहा घरांनी मिळून खरेदी करावी. घाऊक घेणाऱ्याचा असेल, तर थेट गिऱ्हाइकापर्यंत जाण्याची वाट शोधावी. नकली मालाचा असेल, तर नोंदणी आणि खऱ्या मालाची ओळख यांवर भर द्यावा. पाचही बाजूंना एकाच वेळी भिडण्याइतकं बळ एका घरात नसतं. म्हणून तर आधी मांडणी करायची.

शेजाऱ्याच्या ईर्ष्येनं भाव पाडत गेलो, तर दोन्ही घरांतली पोरं उद्या आरी हातात धरणार नाहीत. मग मानांकन राहील, नाव राहील आणि चप्पल करणारा हात मात्र शोधावा लागेल. तुमचा धंदा किराणा मालाचा असो वा छापखान्याचा, एका रविवारी असा कागद घेऊन बसायला हरकत नाही.