पेलेलिऊ : तीन-चार दिवसांत संपणार होती ती लढाई

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज आणि दिंडी दरवाजा येतो. पेलेलिऊवर यातलं काहीच नाही. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या चिमुकल्या देशातलं हे जेमतेम १३ चौरस किलोमीटरचं बेट. कोरोरहून स्पीडबोटीने निघालं की रॉक आयलंड्सच्या हिरव्यागार टेकड्यांमधून वाट काढत साधारण तासाभरात इथे पोचता येतं. धक्क्यावर उतरल्यावर दिसतं ते नारळी-पोफळीतलं निवांत गाव. तटबंदी आहे, पण ती डोंगराच्या पोटात.

दुसऱ्या महायुद्धात, १५ सप्टेंबर १९४४ रोजी अमेरिकेच्या फर्स्ट मरीन डिव्हिजनचे सैनिक जपानच्या ताब्यातल्या या बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. तीन-चार दिवसांत काम उरकेल, असा त्यांचे सेनापती जनरल विल्यम रुपर्टस यांचा अंदाज होता. लढाई चालली २७ नोव्हेंबरपर्यंत. बेटावरच्या सुमारे ११ हजार जपानी सैनिकांपैकी बहुतेक सगळे मारले गेले. अमेरिकेचे जवळपास १,८०० जण मेले आणि आठ हजारांच्या आसपास जखमी झाले.

अंदाज इतका का चुकला, हे नकाशा बघून कळत नाही. त्यासाठी बेटावरच्या उमुरब्रोगोल या डोंगराच्या कड्यांवर चढावं लागतं. समुद्रातून वर आलेल्या प्रवाळाचा हा चुनखडी दगड वस्तऱ्यासारखा धारदार आहे. हात टेकला तर कातडी सोलवटते. फावडं त्यात शिरत नाही, त्यामुळे मरीन सैनिकांना आडोशाला साधा खड्डाही खणता येईना. त्यात पारा ४५ अंशांच्या घरात आणि पिण्याचं पाणी आलं ते तेलाच्या नीट न धुतलेल्या पिंपांतून. तोंडाला लावताच तेलाचा भपकारा यायचा.

त्याच दगडात जपानी सैन्याने पाचशेच्या वर गुहा वापरात आणल्या होत्या. काही नैसर्गिक, काही सुरुंग लावून फोडलेल्या, अनेक एकमेकींना आतून जोडलेल्या. बेटावरच्या जपानी सैन्याचे प्रमुख कर्नल कुनिओ नाकागावा यांनी किनाऱ्यावर सगळं बळ पणाला लावलं नाही. शत्रूला आत येऊ द्यायचं आणि एकेका गुहेसाठी त्याला किंमत मोजायला लावायची, असा त्यांचा बेत होता. पुढे इवो जिमा आणि ओकिनावातही जपानने हीच पद्धत वापरली. अमेरिकनांनी बेटावरची धावपट्टी जिंकली, पण कडे तिथून इतके जवळ होते की बॉम्ब टाकायला उडालेल्या विमानांचे वैमानिक चाकं आत घेण्याच्या भानगडीतही पडत नसत.

आज वाटाड्या पाहुण्यांना याच कड्यांतून फिरवतो. विजेरीच्या उजेडात एखाद्या गुहेच्या जमिनीवर हिरवट बाटल्यांचे तुकडे, गंजून पापुद्रे सुटलेले डबे, बुटाचा तळवा असं काहीबाही पडलेलं दिसतं. यातलं काहीही उचलून न्यायला बंदी आहे. धावपट्टीजवळ एक जपानी रणगाडा झुडपांत रुतून बसला आहे. तो इतका लहान आणि पातळ पत्र्याचा, की पहिल्या दिवशी असल्या गाड्या घेऊन उघड्या मैदानात हल्ला करणाऱ्यांची कीव येते. दुमजली जपानी मुख्यालयाच्या छताला बॉम्बने पाडलेलं भगदाड आहे आणि झाडांची मुळं भिंतींवरून खाली उतरली आहेत.

वाट सोडून पाऊल टाकायचं नाही, ही ताकीद मात्र गांभीर्याने घ्यावी. रानात न फुटलेले बॉम्बगोळे आजही सापडतात. कित्येक गुहांची तोंडं लढाईतच स्फोटांनी बुजवली गेली. आतल्यांचे अवशेष शोधायला जपानहून पथकं येत राहिली. २०१५ मध्ये सम्राट अकिहितो आणि सम्राज्ञी मिचिको यांनीही इथे येऊन मृतांना आदरांजली वाहिली.

जपानी लेफ्टनंट एइ यामागुची आणि त्यांच्याबरोबरचे तीसेक सैनिक तर युद्ध संपल्याचं न मानता एप्रिल १९४७ पर्यंत दडून राहिले. त्यांची समजूत घालायला एका जपानी ॲडमिरलला आणावं लागलं.

मुळात ही लढाई हवीच होती का, हा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेचे ॲडमिरल हॉल्सी यांनी हल्ल्याच्या तोंडावर ती रद्द करण्याची शिफारस केली होती. पण त्यांचे वरिष्ठ ॲडमिरल निमित्झ यांनी ही शिफारस मानली नाही; जहाजं निघाली होती. दरम्यान, त्याच सप्टेंबरात अमेरिकेने उलिथीचं प्रवाळबेट विनाप्रतिकार घेतलं आणि तिथे आरमाराचा मोठा तळ उभा केला. पेलेलिऊपेक्षा तो किती तरी जास्त उपयोगी पडला.

या सगळ्यात बेटावरच्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं. जपान्यांनी त्यांना लढाईआधीच दुसऱ्या बेटांवर हलवलं होतं. ते परतले तेव्हा गावं उरली नव्हती, झाडी जळून गेली होती आणि कोणाची जमीन कुठून कुठवर, हे सांगणाऱ्या खुणा बुलडोझरखाली गेल्या होत्या. पाहुणे पाहतात ती रणभूमी. इथल्या कुटुंबांच्या लेखी ती आजोबा-पणजोबांची जमीन आहे आणि तिच्या मालकीचे तंटे युद्धानंतरही दीर्घकाळ चालले.