सहीचा अधिकार

सीएचा निकाल लागला की क्लासच्या दारावर फलक चढतात, देशात पहिल्या पन्नासांत आलेल्यांचे फोटो छापून येतात आणि कोणाचा कितव्या अटेम्प्टला ग्रुप निघाला याची नातेवाइकांत चौकशी सुरू होते. या गलक्यात एक गोष्ट बाजूला राहते. परीक्षा पास झालेला माणूस लगेच ताळेबंदावर सही करू शकत नाही. त्याआधी त्याला कोणाच्या तरी हाताखाली काम केलेले असावे लागते, सभासदत्व मिळवावे लागते आणि स्वतंत्र व्यवसाय करायचा असेल तर चार्टर्ड अकाउंटंटांच्या इन्स्टिट्यूटकडून प्रॅक्टिसचा दाखलाही घ्यावा लागतो. कोणाची सही भरवशाची मानायची हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याचा बराच मोठा भाग मुंबईत घडला.

1913 च्या कंपनी कायद्याने प्रथमच ठरवले की, कंपनीचे हिशेब तपासणाऱ्याकडे प्रांतिक सरकारचा दाखला हवा. विलायतेतल्या मान्य संस्थांच्या सभासदांना तो मागावाही लागत नसे. देशी माणसासाठी दाखल्याचे दोन प्रकार होते, निर्बंध नसलेला आणि निर्बंधित. निर्बंधित दाखलेवाल्याने आपल्याच प्रांतात, तेही दाखल्यात लिहिलेल्या भाषेतल्याच वह्या तपासायच्या. त्याच 1913 मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले. व्यापारी शिक्षणासाठी सतत खटपट करणारे के. एस. अय्यर हे त्यामागचे एक प्रमुख नाव. ते स्वतः 1897 पासून मुंबईत हिशेबतपासणीचा व्यवसाय करत होते. पुढे 1918 मध्ये मुंबई सरकारने अकाउंटन्सीची पदविका सुरू केली, ती जी.डी.ए. तिची परीक्षा द्यायची आणि मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षे उमेदवारी करायची. परीक्षा आणि उमेदवारी ही जोडी तेव्हापासून आजवर मोडलेली नाही.

(महाराष्ट्रात या पदविकेसारखेच नाव असलेली आणखी एक वाट आहे, जी.डी.सी. अँड ए. सहकार खात्याची ही परीक्षा पास झालेले कितीतरी प्रमाणित लेखापरीक्षक आज गृहनिर्माण संस्थांचे आणि पतसंस्थांचे ऑडिट करतात. कंपनीच्या ताळेबंदावर मात्र त्यांची सही चालत नाही.)

1932 मध्ये अकाउंटंटांची नोंदवही केंद्र सरकारकडे गेली. त्या नोंदवहीत कोणाला घ्यायचे, याचा लक्षात राहावा असा खटका मद्रासच्या आर. शिवभोगम यांच्याशी उडाला. स्वातंत्र्यचळवळीत उतरल्यामुळे त्यांना वर्षभर वेल्लोरच्या तुरुंगात राहावे लागले होते. सुटून आल्यावर त्यांनी अभ्यास केला आणि 1933 मध्ये जी.डी.ए. पार केली. देशातल्या त्या पहिल्या महिला अकाउंटंट. पण तुरुंगवास भोगलेल्याची नोंदणी करायची नाही, असा नियम त्यांना आडवा आला. त्या न्यायालयात गेल्या, जिंकल्या, आणि 1937 पासून स्वतःच्या नावाने व्यवसाय करू लागल्या. 1949 चा चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा वाचताना ही हकिकत आठवल्याशिवाय राहत नाही. त्यातल्या आठव्या कलमात कोणाचे नाव नोंदवायचे नाही ते सांगितले आहे: वयाची 21 वर्षे पूर्ण नसलेला, न्यायालयाने मनाने असमर्थ ठरवलेला, कर्जातून मुक्त न झालेला दिवाळखोर, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला. म्हणजे नुसता तुरुंग पाहिला जात नाही, कशासाठी गेलात ते पाहिले जाते. शिवाय केंद्र सरकार ही अपात्रता दूरही करू शकते.

हा कायदा 1 जुलै 1949 रोजी अमलात आला, राज्यघटनेच्याही आधी. म्हणून 1 जुलैला सीए दिन असतो. मुंबईचे जी. पी. कापडिया इन्स्टिट्यूटचे पहिले अध्यक्ष झाले. तेव्हापासून नोंदवही सरकारकडून व्यवसायाच्याच हाती आली.

आता परीक्षा. तिचे कोष्टक कुठल्याही क्लासच्या पत्रकात सापडेल, त्यामुळे थोडक्यात. बारावीनंतर फाउंडेशनचे चार पेपर, मग इंटरमिजिएटचे सहा, फायनलचे सहा, तेही ग्रुपांत विभागलेले. इंटर आणि फायनलला प्रत्येक पेपरात किमान 40 टक्के आणि ग्रुपची सरासरी 50. खरी कत्तल इथेच होते. पाच-सहा गुणांनी सरासरी हुकली की त्या ग्रुपचे पेपर पुन्हा. ज्या पेपरात 60 मिळाले असतील तेवढ्यापुरती काही काळ सूट. वाणिज्य पदवीला 55 टक्के, इतर शाखांच्या पदवीला 60 टक्के असतील तर फाउंडेशन टाळून थेट इंटरला बसता येते.

पण माझ्या मते सीए घडतो तो आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे उमेदवारीत. ही प्रथा विलायती. तिथे पूर्वी मुलाला हाताखाली घ्यावे म्हणून घरचे लोक फर्मला पैसे मोजत. आपल्या नियमांत असे पैसे घ्यायला मनाई आहे. उलट सीएनेच विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन द्यायचे असते, आणि त्याची किमान रक्कम गावाच्या लोकसंख्येवर ठरते. दोघांत रीतसर करार होतो. एप्रिल उजाडला की आर्टिकल बँकांच्या शाखांच्या ऑडिटला पांगतात, तालुक्याच्या गावी लॉजवर राहून कर्जाच्या फायली उपसतात. सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिटची मुदत, तेव्हा ऑफिसात रात्री दहालाही दिवे चालू. व्हाउचरवर टिक मारता मारता, एकाच हातचे अक्षर असलेली सात वेगवेगळ्या दुकानांची बिले डोळ्यांना खटकू लागतात. हे कुठल्या पेपरात येत नाही. म्हणून तर कागदोपत्री आर्टिकलशिप दाखवून प्रत्यक्षात क्लासमध्ये बसणे, ज्याला सगळे 'डमी' म्हणतात, ही या व्यवसायाची सगळ्यांत वाईट खोड आहे.

जुलै 2023 पासून ही आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. बदल्यात फायनल आता आर्टिकलशिप संपल्यावर सहा महिन्यांनी द्यायची, म्हणजे कामाच्या दिवसांत डोक्यावर परीक्षा नाही. हा विचार चुकीचा नाही. पूर्वी शेवटचे सहा महिने मुले देहाने ऑफिसात आणि मनाने अभ्यासिकेत असत. तरीही दोन वर्षांत दोनच एप्रिल आणि दोनच सप्टेंबर येतात. पहिल्या वर्षी मुलगा झेरॉक्स काढतो आणि बेरजा जुळवतो, दुसऱ्या वर्षी त्याला काय विचारायचे ते कळू लागते. तिसऱ्या वर्षाचा आर्टिकल मात्र टीम घेऊन जायचा, क्लायंटच्या मुनीमजींशी वाद घालायचा आणि नव्यांना त्यांच्या चुका दाखवायचा. लहान फर्ममध्ये साहेब टॅक्सच्या कामात अडकलेले असताना ऑडिट शिकवणारा तोच असे. त्याची जागा आता पगारी माणसाने भरायची, तर तालुक्याच्या ठिकाणच्या एकट्या प्रॅक्टिसवाल्याला ते परवडणारे नाही. आणि खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुलांपैकी बरीच त्याच्याकडेच शिकायला असतात.