परदेशी पदवी आणि घरची वही

मार्च महिन्यात सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे रंगात आलेले असतात आणि त्याच सुमारास परदेशी विद्यापीठांची प्रवेशपत्रे घरोघरी येऊ लागतात. सौद्यात उतरणारा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय बोली लावीत नाही. मुलीच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी मात्र तोच व्यापारी विद्यापीठाचे नाव, त्याचा जागतिक क्रमांक आणि पहिल्या वर्षाचे शुल्क एवढ्यावर होकार देऊन मोकळा होतो.

उदाहरणादाखल हळदीची अडत असलेले एक घर घ्यावे. मुलगी अन्नतंत्रज्ञानात बी.टेक. झालेली, अमेरिकेत एम.एस. करावे ही तिची इच्छा. शुल्क, राहणे, विमा, विमानभाडे मिळून दोन वर्षांचा खर्च 40 लाख रुपये धरला आणि तो सर्व 10 टक्के दराच्या कर्जातून, दरवर्षी 20 लाख असा उभा केला, तर शिक्षण संपून सवलतीचे सहा महिने सरेपर्यंत साधे व्याजच 8 लाख होते. हप्ता सुरू होतो तो 48 लाखांवर. दहा वर्षांच्या मुदतीने तो महिना सुमारे 63,400 रुपये पडतो आणि एकूण परतफेड 76 लाखांवर जाते. शिक्षण चालू असतानाच व्याज घरून भरत गेल्यास हप्ता 53 हजारांच्या आत राहतो. परंतु ते पैसे पेढीच्या खेळत्या भांडवलातून गेले, तर ऐन हंगामात माल धरण्यास रक्कम अपुरी पडते. हा तोटा कोणत्याही सल्लागाराच्या तक्त्यात नसतो. व्याजावरील आयकर वजावटही आठ वर्षांपुरती आणि जुन्या करप्रणालीतच मिळते.

हप्ता डॉलरच्या पगारातून फिटेल, हे गृहीत बहुधा खरे ठरते. पण किती काळ? पदवीनंतर अमेरिकेत एक वर्ष काम करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी दोन वर्षे मिळतात. पुढे एच-वन-बी व्हिसाची सोडत आहे. त्या सोडतीत नाव निघाले नाही, तर उरलेली वर्षे भारतातील पगारातून फेडावी लागतात, आणि येथे नवख्या अन्नतंत्रज्ञाचा पगार कित्येकदा त्या हप्त्याएवढाही नसतो. मोठ्या कर्जासाठी राष्ट्रीयीकृत बँका तारण मागतात. गोदाम दोघा भावांच्या नावावर असेल, तर काकांची सही लागते. आणि काकांच्या मुलांचेही शिक्षण पुढे उभेच असते. परिग्रहपरिमाण व्रतात मर्यादा आधी ठरते, वस्तू नंतर समोर येते. कर्जाची मर्यादाही प्रवेशपत्र उघडण्यापूर्वी ठरलेली बरी, कारण ते उघडल्यावर 'आणखी पाच लाखच' असे म्हणणारे घरात कोणी ना कोणी निघते.

खर्चाइतकेच वजन अभ्यासक्रम मुलीला साजेसा आहे की नाही यालाही हवे. हळदीचा अर्क काढण्याचा किंवा मसाल्याच्या तपासणीचा उद्योग पेढीवरच उभारण्याचे मनात असेल, तर म्हैसूरच्या सीएफटीआरआयमधील अन्नतंत्रज्ञानाची एम.एस्सी. किंवा माटुंग्याच्या आयसीटीचे शिक्षण अधिक जवळचे. गेटमार्गे एम.टेक.ला प्रवेश मिळाल्यास महिना 12,400 रुपये विद्यावेतनाची सोयही आहे. संशोधनाकडेच ओढा असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा अमेरिकेतील अभ्यासक्रम प्रबंधासहित आहे की केवळ वर्गपाठांचा, हे आधी विचारावे. प्रबंधाच्या विद्यार्थ्याला प्राध्यापकाकडे साहाय्यकाचे काम मिळाले, तर अनेकदा शुल्क माफ होते आणि वरील सारा हिशेबच बदलतो. कोणता प्राध्यापक कशावर काम करतो, प्रयोगशाळेत कोणती यंत्रे आहेत, हे मुलीने स्वतः पत्र लिहून विचारावे. उत्तर न येणे हेही एक प्रकारचे उत्तरच असते.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, हे ऐकून अनेक घरांना हायसे वाटते. तेथे व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाचे 11,904 युरो बँकेत अडकवून दाखवावे लागतात आणि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. वर्ग इंग्रजीत असले, तरी नोकरीसाठी जर्मन भाषा बहुतेक ठिकाणी लागतेच. शिवाय, डिसेंबरात हॅम्बुर्गला चारच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार पाळणाऱ्या मुलीला प्रयोगशाळेतून निघून त्याआधी जेवण उरकणे कसे जमणार? कंदमुळे वर्ज्य असतील, तर स्वतंत्र स्वयंपाकघराची खोली हवी आणि तिचे भाडे अधिक. घरच्यांना हे प्रश्न विमानतळावर आठवतात.

कर्ज काढून परदेशी शिकण्याची वाट या भागाला नवी नाही. जमशेटजी टाटांनी 1892 मध्ये उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला, तो देणगी म्हणून नव्हे तर फेडीच्या शिष्यवृत्तीसाठी, कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर त्याच्या पहिल्या लाभार्थींपैकी होत. तो निधी आजही चालू आहे आणि बँकेकडे जाण्यापूर्वी तेथे अर्ज करणे शहाणपणाचे.

एक रकाना मात्र बहुतेक वह्यांत कोराच राहतो. मुलगी तेविसाव्या वर्षी गेली, तर कर्ज छत्तिसाव्या वर्षाच्या आसपास फिटते; म्हणजे लग्न या हप्त्यांच्या मध्येच येणार. कर्ज तिच्या नावावर, वडील सहकर्जदार. लग्नानंतर हप्ता कोण भरणार, हा प्रश्न स्थळे पाहताना संकोचापोटी टाळला जातो आणि तो पहिल्या दिवाळसणाच्या सुमारास दोन्ही घरांत कटुता आणतो. कर्जाच्या कागदांवर सही होते त्याच दिवशी मुलीला समोर बसवून ही वही तिच्याच हाताने लिहवून घ्यावी आणि बोलणी सुरू होतील तेव्हा त्या पानाची प्रत पत्रिकेसोबतच पाठवावी.