संपाची नोटीस लागली, तर घरात काय विचारायचं?



गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना एक प्रश्न अधूनमधून येतो. "पोरगा चाकणला गाडीच्या कंपनीत आहे. तिथं संप होणार म्हणतात. मग आपल्या हप्त्याचं काय?" चाकण, रांजणगाव, वाळूज इथल्या पगारावर गावाकडची कितीतरी घरं चालतात. म्हणून आज त्यावरच बोलू.

पहिली गोष्ट, संप एका रात्रीत होत नाही. मोठ्या कंपनीत युनियन आणि मालक यांच्यात पगाराचा करार असतो, बऱ्याच ठिकाणी तीन वर्षांचा किंवा थोडा जास्त. तो संपत आला की युनियन मागणीपत्र देते. बैठका होतात, लांबतात, कधी बिनसतात. मग नोटीस निघते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे नोटीस दिल्यावर 14 दिवस संप करता येत नाही. कामगार खात्याचा अधिकारी दोन्ही बाजूंना समेटासाठी बोलावतो. ते बोलणं चालू असेपर्यंत आणि संपल्यावर आणखी 7 दिवस संप करता येत नाही. म्हणजे नोटीस लागली की पंधराव्या दिवशी गेट बंद, असं समजू नका. कित्येक नोटिशी बोलण्यातच मिटतात. नोटीस हे दबावाचं साधन आहे, आणि त्यात गैर काहीच नाही.

मात्र, "संप नको, सगळे मिळून रजा टाकू" असं कोणी म्हणत असेल तर सांभाळा. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली, तर नव्या कायद्यात तोही संपच धरला जातो. आणि दहा किंवा जास्त कामगार नोटीस न देता, सबळ कारण नसताना, मिळून गैरहजर राहिले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एका दिवसासाठी आठ दिवसांचा!

आता संप खरंच झाला तर किती दिवस चालेल? हे कोणीच सांगू शकत नाही. बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात 25 जून 2013 ला काम थांबलं. पगारवाढीसोबत एक वेगळीच मागणी होती: प्रत्येक कामगाराला कंपनीचे 500 शेअर एक रुपया भावानं द्या. बाजारात तेव्हा त्या एका शेअरचा भाव हजार रुपयांच्या वर होता. कंपनी बधली नाही. काही उत्पादन वाळूजला हलवण्याची भाषा झाली. शेवटी सुमारे 50 दिवसांनी, ऑगस्टच्या मध्याला, संप मागे घेतला गेला. शेअर मिळाले नाहीत. मागणी बरोबर की चूक यावर पुष्कळ वाद घालता येईल. पण घराच्या बाजूनं बघा. जूनअखेर म्हणजे पेरणी, बी-खत, शाळेची वह्या-पुस्तकं. तिथून पुढं जवळजवळ दोन पगार बुडाले. संपाच्या दिवसांचा पगार हक्कानं मिळत नाही. तडजोडीत ठरला तरच मिळतो, किंवा कोर्टात संप कायदेशीर आणि रास्त ठरला तर.

यापेक्षा वाईट अवस्था कंत्राटी पोरांची. आपल्या गावचे बहुतेक मुलगे कायम नाहीत. कोणी ठेकेदाराकडे, कोणी ट्रेनी, कोणी अप्रेंटिस. युनियन बहुधा कायम कामगारांची. म्हणजे संप ठरवताना यांना कोणी विचारत नाही, पगारवाढ झाली तर यांच्या वाट्याला ती येईलच असं नाही, आणि लाइन थांबली की पहिला घरी येतो तो हाच. काम नसल्यामुळे बसवून ठेवलं, म्हणजे ले-ऑफ दिला, तर वर्षभर नोकरी झालेल्या कामगाराला निम्मा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळावा असा नियम आहे. पण त्याच कारखान्याच्या दुसऱ्या विभागातल्या संपामुळे काम थांबलं असेल तर ही भरपाई मिळत नाही. 50 पेक्षा कमी कामगार असलेल्या लहान वर्कशॉपलाही हा नियम नाही. आणि गाडीच्या कंपन्या सुटे भाग साठवून ठेवत नाहीत, लागतील तसे मागवतात. त्यामुळे मोठ्या गेटवर संप झाला की सीट, वायरिंग, प्रेसचं काम करणारे छोटे कारखाने काही दिवसांतच थंडावतात.

इतके दिवस चूल कशी पेटती ठेवायची, याचा विचार अमेरिकेतल्या युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियननं आधीच करून ठेवला होता, आणि त्यांची रीत आपल्या बचत गटासारखीच आहे. सभासद वर्गणी भरतात, त्यातून संप फंड उभा राहतो. 2023 मध्ये तो सुमारे 82 कोटी 50 लाख डॉलर होता. ऑगस्टमध्येच त्यांनी मतदान घेतलं. 97 टक्के सभासदांनी संपाला संमती दिली. 15 सप्टेंबरला फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस या तिन्ही कंपन्यांत संप सुरू झाला. पण जवळजवळ दीड लाख सभासदांपैकी पहिल्यांदा फक्त 13 हजारच बाहेर काढले, कंपनीमागे एक कारखाना. संपावरच्या प्रत्येकाला आठवड्याला 500 डॉलर. थोडेच लोक बाहेर, म्हणून फंड पुरतो. आणि उद्या कुठला कारखाना बंद होणार हे कंपनीला कळत नाही. मग लागेल तसे कारखाने वाढवत नेले. सुमारे सहा आठवड्यांत, साडेचार वर्षांत मिळून 25 टक्के वाढीवर समझोता झाला. मागणी 40 टक्क्यांची होती.

आपल्याकडे बहुतेक युनियनकडे एवढा फंड नसतो. तो भार घरावर, म्हणजे बाईवर येतो. म्हणून संपाची नुसती कुजबुज असेल तेव्हाच मुलाला, नवऱ्याला फोनवर विचारा: नेमणूकपत्र कोणाच्या नावाचं, कंपनीच्या की ठेकेदाराच्या? मागचा पगार पूर्ण मिळाला का, ओव्हरटाइम बाकी आहे का? पगाराची स्लिप, हजेरीचा फोटो, पीएफचा यूएएन नंबर जवळ आहे ना? खोलीभाडं आणि मोटारसायकलचा हप्ता किती? संपाच्या काळात ठेकेदार जादा पैसे देऊन कंत्राटी पोरांना आत कामावर नेतो. जायचं की नाही, ते तिथली परिस्थिती बघून त्यालाच ठरवू द्या. गावाकडून "जा, पैसे मिळतायत" असं म्हणू नका. गेटवर तणाव असतो, आणि तो तिथं एकटा असतो.

गटात तुमच्या कर्जाचा हप्ता थकण्याआधीच अध्यक्ष, सचिवांना सांगा. बँकेचं कर्ज गटाच्या नावावर असतं, त्यामुळे एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांची पत जाते. अंतर्गत कर्जाचे हप्ते मात्र गट स्वतः ठराव करून पुढे ढकलू शकतो, मुद्दल थांबवून नुसतं व्याज घेऊ शकतो. तो ठराव त्याच बैठकीत इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.