‘युद्ध होणार का?’ हा प्रश्न संशोधनाचा कसा करायचा?



२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला आणि पुढचे दोन आठवडे सगळीकडे एकच चर्चा होती, आता युद्ध होणार का? नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने अमृतसरला जायचं ठरवलेल्या माणसासाठी ती नुसती चर्चा नव्हती. तिकीट ठेवायचं की रद्द करायचं, हे त्याला ठरवायचं होतं. ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं. त्यानंतर उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद राहिले, त्यात अमृतसरही होतं.

टीव्हीवरचा तज्ज्ञ ‘होणार’ किंवा ‘नाही होणार’ एवढंच सांगतो. संशोधकाला आकडा द्यावा लागतो. तो कसा काढायचा आणि त्यात आपण कुठे फसतो, ते आज पाहू. तुमचा विषय वेगळा असला तरी सिनॉप्सिस लिहिताना हे उपयोगी पडेल.

१. आधी प्रश्न बांधा

‘युद्ध होईल का’ यावर संशोधन होत नाही, कारण काय घडलं म्हणजे ‘हो’ म्हणायचं हेच ठरलेलं नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘मोठ्या दहशतवादी हल्ल्यानंतर ३० दिवसांच्या आत भारत पाकिस्तानच्या ताब्यातील भूभागावर लष्करी कारवाई करून ती अधिकृतपणे जाहीर करेल का?’

यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. २९ सप्टेंबर २०१६ ला भारताने सर्जिकल स्ट्राइक जाहीर केला, पाकिस्तानने तो झालाच नाही म्हटलं. म्हणजे जाहीर कोणी करायचं, हे व्याख्येत नसेल तर तुमच्या डेटातली एक नोंद ‘हो’ की ‘नाही’ यावरच वाद होईल.

२. बेस रेट काढा

बेस रेट म्हणजे अशा परिस्थितीत पूर्वी किती वेळा तसं घडलं. माहीत असलेल्या ९ घटना घेऊ (ही पूर्ण यादी नाही, पद्धत समजण्यापुरती आहे):

- संसद, डिसेंबर २००१: सैन्य सीमेवर नेलं, पण हल्ला नाही
- मुंबई लोकल स्फोट, जुलै २००६: नाही
- मुंबई, नोव्हेंबर २००८: नाही
- पठाणकोट, जानेवारी २०१६: नाही
- उरी, १८ सप्टेंबर २०१६: हो, ११ दिवसांनी
- नगरोटा, नोव्हेंबर २०१६: नाही
- सुंजुवान, फेब्रुवारी २०१८: नाही
- पुलवामा, १४ फेब्रुवारी २०१९: हो, १२ दिवसांनी (बालाकोट)
- पहलगाम, २२ एप्रिल २०२५: हो, १५ दिवसांनी

९ पैकी ३, म्हणजे ३३ टक्के. पण कोणी म्हणेल, २०१६ नंतर धोरण बदललं, उरीपासून मोजा. मग ५ पैकी ३, म्हणजे ६० टक्के. दुसरा म्हणेल, ‘मोठा हल्ला’ म्हणजे किमान १५ मृत्यू. मग नगरोटा आणि सुंजुवान गळतात आणि उरतात ३ पैकी ३. शंभर टक्के!

घटना त्याच, आकडे तीन. हाच या लेखाचा मुद्दा आहे: आकडा जितका डेटातून येतो, तितकाच तुमच्या निवडीतून येतो. उरीपासून मोजणं म्हणजे निकाल पाहून मग रेघ मारणं. तसं करायला बंदी नाही, पण कारण द्यावं लागतं आणि बाकीचे आकडेही शेजारी छापावे लागतात. व्याख्या, उंबरठा आणि कालावधी डेटा बघायच्या आधी लिहून ठेवा. व्हायव्हाला पहिला प्रश्न इथेच येतो.

तीन घटनांवरून १०० टक्के म्हणायची भीती वाटत असेल, तर लाप्लासचा नियम वापरा: ‘हो’ मध्ये १ आणि एकूणात २ मिळवा. ३ पैकी ३ चे होतात ५ पैकी ४, म्हणजे ८० टक्के. ९ पैकी ३ चे होतात ११ पैकी ४, म्हणजे सुमारे ३६. खरा प्रामाणिक अंदाज या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे, आणि ही रुंदी लपवायची नसते.

३. अचूकतेच्या आकड्याला भुलू नका

२००१ ते २०२५ या २५ वर्षांत सुमारे ९,१३० दिवस होतात. वरच्या यादीप्रमाणे कारवाई सुरू झाल्याचे दिवस ३. रोज डोळे मिटून ‘आज काही होणार नाही’ म्हणणारं मॉडेल ९९.९ टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर येईल आणि नेमकं गरजेच्या दिवशी चुकेल. म्हणून दुर्मीळ घटनांसाठी नुसती अचूकता सांगू नका.

त्याऐवजी ब्रायर स्कोअर पाहा. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये तो हवामानाच्या अंदाजांसाठी मांडला. अंदाज आणि निकाल (० किंवा १) यांच्या फरकाचा वर्ग करायचा आणि सगळ्या अंदाजांची सरासरी काढायची. तुम्ही ०.८ म्हणालात आणि घटना घडली, तर ०.०४. नाही घडली, तर ०.६४. कायम ०.५ म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. स्कोअर जितका कमी, तितकं चांगलं.

४. किल्लारी आणि सीमा यांत फरक काय?

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे, हे लातूरकरांना वेगळं शिकवायला नको. दुर्मीळ घटनेचा अंदाज सांगताना आणि वाचताना हे दोन्हीकडे लागू आहे.

पण एक फरक आहे. भूकंप आपला अंदाज वाचत नाही, सरकारं वाचतात. ‘धोका ७० टक्के’ असं कळल्यावर मध्यस्थी होऊ शकते, तयारी वाढू शकते आणि घटना टळूही शकते. मग अंदाज चुकला म्हणायचं का? एका अंदाजावरून ते ठरत नाही. ७० टक्के सांगितलेल्या शंभर वेळांपैकी साधारण सत्तर वेळा घटना घडली का, हे पाहावं लागतं. भारत-पाकिस्तान या एकाच जोडीत शंभर घटना कधीच मिळणार नाहीत, म्हणून संशोधक इतर शेजारी देशांच्या जोड्याही डेटात घेतात.

सरावासाठी: वरची यादी घ्या. ‘मोठा हल्ला’ याची तुमची व्याख्या एका वाक्यात लिहा, मग त्यात बसणाऱ्या सुटलेल्या घटना शोधून बेस रेट पुन्हा काढा. व्याख्या आधी, यादी नंतर. हा क्रम मोडू नका.