रक्ताची साक्ष

वृद्धाच्या अंगात ताप नाही, म्हणून संसर्गही नाही, असे मानणे धोक्याचे ठरते. गंभीर जिवाणुसंसर्ग झालेल्या वृद्धांपैकी सुमारे 20 ते 30 टक्के रुग्णांना ताप येत नाही किंवा अगदी अल्प येतो. अन्नावरची वासना उडते, बोलणे असंबद्ध होते, तोल जातो. आणि 'आता वय झाले' म्हणून घरचे स्वस्थ राहतात. अशा वेळी रुग्णालयात रक्ताची साक्ष काढावी लागते.

1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात 'सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन' आढळले. यकृतात तयार होणारे हे प्रथिन दाह होताच वाढते. परंतु तो दाह जिवाणूंचा, संधिवाताचा की शस्त्रक्रियेचा, हे ते सांगत नाही. 1993 मध्ये फ्रेंच संशोधकांनी पुढे आणलेले 'प्रोकॅल्सिटोनिन' या बाबतीत अधिक नेमके आहे. तथापि मूत्रपिंडे दुर्बळ असली, तर तेही संसर्गावाचून चढलेले दिसते; आणि वृद्धांत हा विकार विरळा नाही. उलट, एकाच जागी सीमित राहिलेल्या संसर्गात ते पुष्कळदा चढतच नाही.

तेव्हा रक्ताने साक्ष द्यावी, निवाडा डॉक्टरांनीच करावा. केवळ आकड्यावर विसंबून प्रतिजैविके लांबविली, तर जिवावर बेतते. धास्तीने सरसकट दिली, तर जिवाणू निर्ढावतात. आकडा उतरू लागला की औषध केव्हा थांबवावे, हे ठरविण्यास मात्र या चाचणीचा खरा उपयोग होतो. 'कालपर्यंत आजोबा असे नव्हते' हे घरच्यांचे वाक्यही त्या निवाड्यात जमेस धरले पाहिजे.