ज्ञानाचे दार आणि भाषेचा अडसर

संशोधन समाजापर्यंत पोहोचावयाचे असेल, तर त्याला दोन अडसर ओलांडावे लागतात : एक किमतीचा, दुसरा भाषेचा. पहिला अलीकडे बराच सैल झाला आहे. दुसरा दूर करणे मात्र बव्हंशी आपल्याच हाती आहे.

या संदर्भात आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण मननीय आहे. गोव्यात १८७६ साली जन्मलेल्या कोसंबींना बुद्धचरित्राची ओढ लागली ती ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मराठी मासिकातील लेखामुळे. पुढे पुण्यात संस्कृतचे अध्ययन करून ते नेपाळ व सिलोनपर्यंत गेले आणि पालीचे पंडित झाले. महाराष्ट्रात राहून दरवर्षी एक ग्रंथ लिहावा, या अटीवर सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली, चिं. वि. जोशी हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक. हार्वर्डमध्ये ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे काम करणाऱ्या या पंडिताने तोच ग्रंथ १९४० साली देवनागरी लिपीत आणला आणि ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. मराठीत लिहिल्याने त्यांची विद्वत्ता उणावली नाही. तिला नवे वाचक लाभले.

किमतीचा अडसर कायद्यानेही काही अंशी दूर होतो. आपल्या देशात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी खुले होते. त्यानुसार कोसंबींचे असे लेखन २००८च्या आरंभी आणि पूज्य बाबासाहेबांचे २०१७च्या आरंभी खुले झाले. ते कोणीही छापावे, अनुवादित करावे.

नव्या संशोधनापैकी पीएच.डी.चे असंख्य प्रबंध ‘शोधगंगा’वर विनामूल्य उपलब्ध आहेत. परंतु त्यांतील बहुसंख्य इंग्रजीत आहेत. आपल्या वस्त्यांविषयी, श्रमांविषयी, चळवळीविषयी जे लिहिले जाते, ते ज्यांनी माहिती सांगितली त्या आईवडिलांनाच वाचता येत नाही. त्यांत चूक राहिली, तर ती दाखविणार कोण? जे वाचता येत नाही, त्याला उत्तरही देता येत नाही. म्हणून भाषेचा प्रश्न हा केवळ सोयीचा नाही, तो न्यायाचा आहे.

भगवंतांचे वचन छंदोबद्ध करण्याची दोन भिक्खूंची विनंती त्यांनी नाकारली आणि ते स्वभाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली, असे विनयपिटकातील चुल्लवग्गात नमूद आहे. हा वारसा आपण विसरता कामा नये.

आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण उच्च शिक्षण घेत आहेत. त्यांना आमची नम्र विनंती आहे : आपल्या प्रबंधाचा आठ-दहा पृष्ठांचा सारांश सुबोध मराठीत लिहावा, ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना तो वाचून दाखवावा, त्यांच्या दुरुस्त्या स्वीकाराव्यात आणि एक प्रत विद्यालयाच्या ग्रंथालयास द्यावी. एका बालमासिकातील लेखाने एक आचार्य घडविला. आपल्या दहा पृष्ठांतून काय घडेल, हे वसतिगृहातील एखादे वाचणारे मूलच ठरवील.